फट नसलेला पडदा

सुनेने सरळ तोंड वर करून सांगितलं, की पडदा उघडाच राहू द्या.

तेही कुठे, तर विद्यापीठाच्या थिएटरात, मॅनेजरच्या देखत, शिडीवर चढलेल्या दोन माणसांच्या देखत. काकी पडद्याची शेवटची चुणी हाताने सारखी करून नुकत्याच मागे सरकल्या होत्या, पाठीचा घामही वाळला नव्हता. आणि ही बया येते, मान तिरकी करून बघते आणि म्हणते, "आई, आमच्या कार्यक्रमाला पडदा नको. दोन्हीकडे कोपऱ्यात नेऊन ठेवा." ताटातली नको असलेली भाजी बाजूला सारावी तसं.

काकींनी तिच्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे पाहिलं. पडद्याची बाजू त्यांना जास्त पटली.

काकी म्हणजे पडद्यांच्या कारखान्याच्या मालकीण. त्यांना पुतण्या एकही नव्हता, पण कारखान्यातली सगळी माणसं काकी म्हणत, म्हणून बाहेरचीही म्हणू लागली. शाळा त्यांनी लवकर सोडली होती. त्यांच्या मते शाळेनेच त्यांना सोडलं होतं, आणि त्यात नुकसान शाळेचं झालं. मखमलीवरून हात फिरवून लव कुठल्या दिशेला आहे ते सांगायला अक्षरं लागत नाहीत.

आता या थिएटरातला आधीचा पडदा दुसऱ्या कुणीतरी शिवलेला होता. कुणी, ते काकींना ठाऊक होतं, पण त्या नाव घेत नसत; तोंड खराब होतं. त्या पडद्याचे दोन भाग मधोमध कधी भेटलेच नाहीत. वीतभर फट राहायची, आणि नाटकात नुकताच मेलेला राजा उठून पाणी पिताना पहिल्या रांगेला दिसायचा. काकींनी स्वतः पाहिला होता. चांगला दोन ग्लास प्याला.

नवा पडदा गडद लाल मखमलीचा होता. आतून काळं अस्तर, खालच्या दुमडीत वजनाची साखळी, आणि दोन्ही भाग मध्ये आले की एकमेकांवर हातभर चढणारे. बोट घालायला जागा नाही. सबंध हिवाळा काकी त्यावर बसल्या होत्या. डोळ्यांच्या डॉक्टरने बारीक काम बंद करा म्हणून सांगितलं होतं, तेव्हा रंगमंचाचा हा त्यांचा शेवटचा पडदा, यापुढे खिडक्या. म्हणून त्यांना एकच गोष्ट हवी होती. भरलेल्या थिएटरसमोर हा पडदा एकदा मिटावा आणि लोकांनी तो मिटताना पाहावा. पहिल्या दिवशी. नव्या पडद्याला पहिला दिवस एकच असतो. त्यांनी सगळ्या कारखान्याला तिकिटं काढून दिली होती.

आणि पहिल्याच दिवशी कार्यक्रम कुणाचा, तर घरच्या सुनेचा. हिच्याऐवजी परकं कुणी असतं तर काकींनी दोन शब्द गोड बोलून पाहिले असते. सुनेशी गोड बोलायची त्यांना सवय नव्हती आणि सुनेला ऐकायची नव्हती.

"का नको पडदा?" काकींनी विचारलं.

"कारण आमचं काही ठरलेलं नसतं, आई. पडदा सरकला की लोक सावरून बसतात, आता काहीतरी तयार केलेलं दाखवणार म्हणून. आम्ही लोक यायच्या आधीपासून तिथेच बसलेले असणार. कधी सुरू झालं ते कळूसुद्धा नये."

"तयार काहीच नाही?"

"नाही."

"म्हणजे थोडं तरी असेल."

"पहिला सूर कोण लावणार तेही नाही. तिथल्या तिथे सुचेल ते. जॅझ असंच असतं. आमचं तर जास्तच."

"आम्ही असा पडदा शिवला असता तर?"

सुनेने उत्तर दिलं नाही. ती उत्तर देत नसे तेव्हा आपणच बरोबर आहोत असं तिला वाटत असे. हा दोष काकींनी लग्नाच्या वर्षीच हेरून ठेवला होता.

हिचा वाजवण्यातला जोडीदार तर आणखीनच. दातांचा डॉक्टर. सकाळी लोकांचे दात काढायचा आणि संध्याकाळी सॅक्सोफोन वाजवायचा. काकींची एक दाढ त्यानेच काढली होती. निदान ती तरी कुठली काढायची ते त्याने आधी ठरवलं होतं.

मुलगा, म्हणजे काकींचा मुलगा आणि सुनेचा नवरा, दोघींच्या मधोमध उभा होता. लग्नापासून त्याची ती जागा ठरलेली होती.

"तू दोरीपाशी बस कार्यक्रमाच्या दिवशी," काकी त्याला म्हणाल्या. "मखमल नवीन आहे, चाकं कडक आहेत, दुसऱ्याच्या हाताला ती दोरी ऐकणार नाही. हिचं मन आयत्या वेळी बदललं तर?"

"बस हवं तर," सून म्हणाली. "पण हात लावू नकोस."

मुलगा लगेच स्टूल शोधायला गेला. दोघींचं एकदम ऐकता येईल असं काम त्याला क्वचितच मिळे.

दोरीवर त्याला बसवण्यात काकींचा हिशेब बरोबर होता. घराच्या भिंतीला लागूनच असलेल्या कारखान्यात शिलाईच्या मशीन सुरू असल्या की माणसाचा आवाज माणसापर्यंत पोचत नाही. टेबल इतकं लांब, की कापड एका टोकाला काकींनी धरायचं आणि दुसऱ्या टोकाला मुलाने. ओरडून घसा कोण फोडणार? म्हणून मोठ्या कात्रीची मूठ टेबलावर आपटायची. एक ठोका, थांब. दोन ठोके, ओढ. तीन ठोके, सोड. मुलगा चालायला लागल्यापासून हेच ऐकत आला होता. त्याला दोन ठोके ऐकू आले की हात आधी ओढायचे आणि डोकं मागाहून यायचं. थिएटरात पडदा बसवतानाही हीच रीत चालली. काकी खुर्च्यांमध्ये उभ्या, मुलगा आत विंगेत. दोन ठोके, पडदा बंद. तीन ठोके, पडदा उघडा. मॅनेजरने मध्येच, "अहो, जरा उघडा बघू," अशी हाक मारून पाहिली. मुलगा जागचा हलला नाही. मॅनेजरने पुन्हा हाक मारली. शेवटी त्याने काकींना विनंती केली.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी काकी चांगली शाल घेऊन पहिल्या रांगेत बसल्या. पडदा दोन कोपऱ्यांत गोळा करून ठेवलेला होता, मिटून ठेवलेल्या दोन छत्र्यांसारखा. काकींनी एकाही कोपऱ्याकडे पाहिलं नाही. शेजारी विद्यापीठातल्या संगीत शिकवणाऱ्या बाई होत्या. त्यांनी ओळख करून घ्यायला हात पुढे केला आणि विचारलं, "तुम्ही कलाकारांपैकी कुणाच्या?"

"पडद्याची," काकी म्हणाल्या.

बाई हसल्या. काकी हसल्या नाहीत, तेव्हा बाईंनी हसणं आवरतं घेतलं.

मंचावर सून पियानोच्या पोटात डोकं घालून काहीतरी शोधत होती. दातांचा डॉक्टर ओठ ओले करत होता. लोक बोलत होते. मग थोडे लोक बोलत होते. मग कुणीच बोलत नव्हतं, आणि काकींच्या लक्षात आलं की हे सुरू झालेलं आहे.

सुरुवातीला काकींना वाटलं, दोघांचं भांडण चाललंय. सून एक तुकडा टाकायची. डॉक्टर तो उचलून उलटा करायचा, आतली शिवण दाखवायचा आणि परत द्यायचा. ती तो फाडायची. तो फाटलेला तुकडा तो दुसरीकडे जोडायचा, आणि तो तिथे बरा दिसायचा. काकींना त्यात सूर ताल काही कळत नव्हता, पण दोन माणसं एकाच कापडाची दोन टोकं धरून उभी आहेत एवढं कळत होतं, आणि कोण ओढतंय, कोण सैल सोडतंय, तेही. हे कळल्याचा त्यांना राग आला. त्या खुर्चीत मागे टेकल्या.

डॉक्टरला वाजवताना चालायची खोड होती. दवाखान्यात तो खुर्चीभोवती फिरायचा, तसा इथे मंचाच्या कडेपर्यंत आला आणि डोळे मिटून एकच सूर लांबवत उभा राहिला. मागे सुनेने सगळं थांबवलं. डाव्या हाताने एक जाड सूर दाबून धरला. उजवा हात मोकळा होता. तिने बोटांची पेरं वळवली आणि पियानोच्या लाकडावर ठोकलं.

ठक. ठक.

पडदा हलला.

काकींनी पहिल्यांदा आपल्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात मांडीवर होते, चष्म्याच्या डबीवर. मग त्यांनी विंगेकडे पाहिलं. मुलगा दिसत नव्हता, पण त्याने दोरी ओढायला सुरुवात केली होती, हे दोन्ही कोपऱ्यांतून दिसत होतं. त्याचं डोकं अजून यायचं होतं.

समोरचे दिवे मंचावर रोखलेले होते, त्यामुळे मखमल बाहेर येईल तसतशी पेटत गेली. साखळीच्या वजनाने खालची दुमड जमिनीला चिकटून चालली, कुठे फडफड नाही, कुठे अडखळ नाही. दोन भाग दोन्हीकडून सारख्याच वेगाने आले, डॉक्टरच्या पाठीमागून गेले आणि मधोमध एकमेकांवर चढून थांबले. बोट घालायला जागा नाही.

कारखान्याची माणसं तिसऱ्या रांगेत होती. त्यांतला कापड बेतणारा म्हातारा इतक्या मोठ्याने म्हणाला, "मिटला!" की चार माणसांनी वळून पाहिलं.

डॉक्टरने डोळे उघडले. त्याने मागे पाहिलं. तो बाहेर होता. पियानो आत होता. त्याची पाण्याची बाटलीही आत होती. दाढ अर्धी हातात यावी तसा त्याचा चेहरा झाला, पण माणूस धंद्यात मुरलेला होता. त्याने सॅक्सोफोन तोंडाला लावला आणि पडद्याकडे तोंड करून चार सूर वाजवले. दारावर येऊन, घरात कुणी आहे का, असं विचारावं तसे.

आतून पियानोने उत्तर दिलं. मखमलीतून ते अगदी बारीक आलं, दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी बोलत असल्यासारखं.

"काय कल्पना आहे!" संगीताच्या बाई कुजबुजल्या. त्यांनी काकींचा हात धरला. "जोडीतला एक बाहेर, एक आत. मध्ये भिंत!"

"भिंत नाही. पडदा," काकी म्हणाल्या. पण हात सोडवून घेतला नाही.

सगळं थिएटर पडद्याकडे बघत होतं. वरच्या मजल्यावरची माणसं कठड्यावर वाकली होती. काकींना हवं होतं ते अगदी हेच. त्यांनी चुण्या डावीकडून उजवीकडे पाहिल्या, मग उजवीकडून डावीकडे. मधल्या जोडावर जरा जास्त वेळ नजर ठेवली. आयुष्यात त्यांनी एवढा चांगला पडदा पाहिला नव्हता, आणि त्यांनी बरेच पाहिले होते, बहुतेक स्वतःचेच.

डॉक्टरने पुन्हा काहीतरी विचारलं. आतून उत्तर आलं, पण आधीपेक्षा बारीक. पुढच्या वेळी काकींना मान पुढे काढावी लागली. त्याच्या पुढच्या वेळी शालीतून कान बाहेर काढावा लागला. मखमल चांगली होती, अस्तर चांगलं होतं, काकींनी दोन्ही निवडून आणलेली होती, आणि आता ती दोघं मिळून सुनेला गिळत होती.

काकींच्या डोक्यात सगळं उलगडलं. मुलगा आपणहून पडदा उघडणार नाही. हाक मारली तर नाहीच नाही, मॅनेजरने पाहिलंय. त्याला तीन ठोके लागणार. सून ते देऊ शकते, लाकूड तिच्या हाताशी आहे. मग देत का नाही? काकींना ते लगेच उमगलं, कारण तिच्या जागी त्यांनीही दिले नसते. तिला वाटतंय, ठोके म्हातारीने दिले. सासूने भर कार्यक्रमात आपला हट्ट पुरा करून घेतला. मग बसू दे तिला तिचा पडदा बघत. मी काही, उघडा हो, म्हणून विनवणार नाही.

सून आत बसली होती आणि वाजवत होती, आणि हळू वाजवत होती. मुद्दाम.

काकींना ते कळलं आणि त्यांचं डोकं तडकलं. काय पण मिजास! अशी मिजास त्यांनी घरात एकाच माणसात पाहिली होती, आणि ते माणूस त्या स्वतः होत्या.

डॉक्टरने चौथ्यांदा विचारलं. या खेपेला त्याने वाजवून झाल्यावर सॅक्सोफोन खाली केला आणि वाट पाहिली. थिएटरात कुणी खोकलंसुद्धा नाही. पडदा तसाच होता, लाल, भरलेला, कुठेही फट नसलेला. त्याच्यापलीकडे ती वाजवत होती की नव्हती ते कुणालाच सांगता आलं नसतं.

काकींनी अजून एकदा पडदा पाहून घेतला. तळापासून वरपर्यंत. मग चष्म्याची डबी उजव्या हातात घेतली आणि खुर्चीच्या लाकडी हातावर ठोकली.

ठक. ठक. ठक.

पडदा सुटला. दोन्ही भाग शहाण्यासारखे मागे गेले. मध्ये सून पियानोवर वाकलेली दिसली, केस चेहऱ्यावर, आणि ती वाजवत होती. सगळा वेळ वाजवतच होती. आवाज एकदम पुढे आला. तिने वर पाहिलं. खालच्या जाड पट्ट्यांवर तिने तेच तीन ठोके वाजवले, मग वरच्या पट्ट्यांवर, मग डॉक्टरने ते उचलले, आणि मग दोघांनी त्या तीन ठोक्यांचं काय काय केलं ते काकींना नीटसं सांगता आलं नसतं. त्यांनी सबंध हिवाळा दिलेले ठोके होते, पण ते असे कुठे जाऊ शकतात हे त्यांना माहीत नव्हतं. मागच्या रांगेतल्या एका शहाण्याला वाटलं, आता आपणही ठोकायचं. त्याने खुर्चीवर दोनदा थाप मारली. काकी उठून उभ्या राहिल्या, पूर्ण मागे वळल्या आणि त्याच्याकडे पाहिलं. त्याने हात मांडीखाली घेतले. काकी खाली बसल्या.

शेवट कधी झाला तेही कळलं नाही. लोक टाळ्या वाजवत उभे राहिले तेव्हा संपलं असावं. कारखान्याची माणसं पडद्यासाठी वाजवत होती, बाकीचे दोघांसाठी, आणि मुलगा विंगेतून डोकं काढून आपल्यासाठी कुणी वाजवतंय का ते बघत होता.

मंचामागच्या खोलीत गर्दी झाली. एकच आरसा, दोन खुर्च्या आणि पंधरावीस माणसं. संगीताच्या बाई सुनेला म्हणत होत्या, "ते पडद्याचं किती दिवस बसवत होतात?"

"काही ठरलं नव्हतं," सून म्हणाली.

"हो, हो," बाई म्हणाल्या आणि डोळे मिचकावले.

डॉक्टर कोपऱ्यात पाणी पीत होता. काकी आत आल्या तशी गर्दीने वाट दिली. मुलगा स्टूल हातात घेऊन दाराशीच थांबला. ते खाली ठेवायचं की नाही हे त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

सुनेने काकींना पाहिलं आणि हात पुसायला घेतले. पुसण्यासारखं हाताला काही नव्हतं. "झालं ना मनासारखं, आई?" ती हळू आवाजात म्हणाली. "पाहिला ना सगळ्यांनी? मला आधी सांगितलं असतंत तर शेवटी केला असता बंद. भर मध्ये ठोके द्यायची काय गरज होती?"

"मी दिले?"

"मग कुणी?"

"माझे हात मांडीवर होते. शेजारच्या बाईंना विचार. तू दिलेस."

"मी?"

"पियानोच्या लाकडावर. दोन. डॉक्टर पुढे येऊन उभा राहिला तेव्हा."

सुनेने उजव्या हाताकडे पाहिलं. पेरं थोडी लाल झाली होती. तिचा चेहरा उतरला, मग तिला हसू यायला लागलं आणि तिने ते दाबलं. "दिवसभर भिंतीपलीकडून तेच ऐकते हो मी. हात गेला असेल. माझ्या ध्यानीमनी नव्हतं."

"दिसलंच ते."

"म्हणजे मुद्दाम तुमच्यासाठी म्हणून नाही केलं मी."

"मुद्दाम केलं असतंस तर मी तो उद्याच उतरवून घरी नेला असता. मला कुणी दान घातलेलं चालत नाही."

"मग उघडला कुणी?" सुनेने विचारलं. विचारताविचारताच तिला कळलं, आणि ती गप्प झाली. या वेळी आपण बरोबर आहोत असं काही तिच्या चेहऱ्यावर नव्हतं.

मुलाने स्टूल हळूच खाली ठेवलं. त्याचा आवाज झाला तशी दोघींनी एकदम त्याच्याकडे पाहिलं. त्याने ते परत उचललं.

काकींनी शाल सारखी केली. खोलीतल्या सगळ्यांनाच ऐकू जाईल अशा बेताने त्या सुनेला म्हणाल्या, "हे बघ. पडद्यात खोट नाही. असा पडदा या गावात कुणी शिवला नाही आणि शिवणार नाही. तुमचं ते वाजवणं मला कळत नाही, आणि दातांच्या डॉक्टरला कळतं असंही मला वाटत नाही. पण पडद्यामागून तू ऐकू येईनाशी झालीस, ते मला चाललं नाही. तेव्हा तू वाजवायला बसलीस की पडदा उघडा ठेवायचा. मी सांगते म्हणून. तू सांगितलंस म्हणून नाही."